प्रबंधाची नवी बांधणी

विद्यापीठाच्या पदवीसाठीं लिहिलेला प्रबंध हा केवळ परीक्षकांसाठीं असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. परीक्षक तो वाचतात, तोंडी परीक्षा होते, पदवी मिळते आणि कापडी बांधणीचा तो जाड ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटांत जाऊन बसतो. तेथें त्याचें काम संपलें, असें मानण्याची रीत पडून गेली आहे. वस्तुतः विद्यापीठ प्रबंधाची प्रत मागून घेतें, तें कपाट भरण्याकरितां नव्हे. नवें कांहीं हातीं लागल्याचा जो दावा प्रबंधकार करितो, तो कोणालाहि तपासून पाहतां यावा आणि त्याच्या पुढें जाऊं इच्छिणारास तेथून आरंभ करितां यावा, यासाठीं ही प्रत असते. ती वाचकापर्यंत पोंचलीच नाहीं, तर पदवी खरी ठरेल; परंतु प्रबंधाचा हेतु मात्र अपुरा राहील.

वाचकापर्यंत पोंचण्याची ही वाट पूर्वीं फार खर्चाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रांत याचें एक बोधप्रद उदाहरण आढळतें. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांतील अध्ययन आटोपून त्यांनीं १९१६ सालीं तें शहर सोडलें. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्यावांचून तेथें त्या काळीं पीएच.डी. मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा तो ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केला, आणि पदवी १९२७ सालीं मिळाली. मधल्या अकरा वर्षांना दुसरींहि कारणें होतीं, हें खरें. तथापि छापील प्रतींची अट केवढी भारी होती, हें यावरून ध्यानांत येतें.

पुढें टंकलेखनयंत्र सर्वत्र झालें आणि छपाईऐवजीं चार-पांच टंकलिखित प्रतींवर काम भागूं लागलें. खर्च कमी झाला, पण वाचकहि कमी झाले. कारण चार प्रती चार कपाटांत राहिल्या. अमेरिकेंत ॲन आर्बर या गांवीं युजीन पॉवर यांनीं १९३८ सालीं ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही संस्था काढली. ग्रंथांचीं व प्रबंधांचीं पानें बारीक छायाचित्रांच्या फितीवर उतरवावयाचीं आणि मागेल त्याला ती फीत पुरवावयाची, हें त्या संस्थेचें काम. त्याच गांवीं १९८७ सालीं एक बैठक भरली व तींत प्रबंध संगणकावरील प्रतीच्या रूपानें घेण्याचा विचार प्रथम झाला. दहा वर्षांनीं, १९९७ च्या आरंभापासून, व्हर्जिनिया टेक या विद्यापीठानें अशी इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. अशी सक्ति करणारें तें जगांतील पहिलें विद्यापीठ होय.

भारतांत ही व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनीं आली. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सर्वांस वाचावयास मिळावी, असें त्यांत ठरविण्यात आलें. पुढील २०१६ व २०२२ च्या विनियमांनीं, पदवी जाहीर होण्यापूर्वींच ही प्रत ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे पाठविण्याचें बंधन विद्यापीठांवर घातलें. हें केंद्र गुजरातेंत गांधीनगर येथें आहे, आणि त्यानें प्रबंधांचा जो साठा उभा केला आहे त्याचें नांव ‘शोधगंगा’. देशांतील कित्येक लाख प्रबंध तेथें विनामूल्य वाचावयास मिळतात. मुंबई, पुणें, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर किंवा गोवें, कोठल्याहि विद्यापीठांतील प्रबंध चंद्रपूरच्या शिक्षकाला अगर परदेशांतील मराठी अभ्यासकाला घरबसल्या उघडतां यावा, अशी ही योजना आहे.

योजना चांगली आहे. परंतु तिचा लाभ प्रत कशी तयार केली आहे यावर अवलंबून राहतो. कागदावरील प्रबंध फक्त माणूस वाचतो. इलेक्ट्रॉनिक प्रबंध माणसाच्या आधीं यंत्र वाचतें. शोध घेणारा मनुष्य कांहीं शब्द टाकतो, यंत्र ते शब्द लाखों पानांत धुंडाळतें आणि जेथें सांपडतील तीं पानें पुढें करितें. यंत्राला जें वाचतां आलें नाहीं, तें त्या मनुष्याच्या दृष्टीनें लिहिलेंच गेलें नाहीं. म्हणून प्रबंधाच्या मांडणीचे जे नियम वरवर कंटाळवाणे वाटतात, त्यांच्या मागील कारणें समजून घेणें अगत्याचें आहे.

आरंभ पानापासून करावा. कागद ए-४ आकाराचा, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच, असा धरण्याचा प्रघात आहे. डावा समास इतर तीन बाजूंपेक्षां मोठा, बहुधा दीड इंच, ठेवण्यास सांगतात. कारण बांधणींत डाव्या बाजूचा भाग शिवणीखालीं जातो. इलेक्ट्रॉनिक प्रतीला शिवण नसते हें खरें. पण बहुतेक ठिकाणीं छापील प्रतहि द्यावी लागते, आणि दोहोंचीं पानें तंतोतंत जुळलीं पाहिजेत. एका प्रतींतील ११२ वें पान दुसरींत ११५ वें झालें, कीं संदर्भ देणारा फसतो. समास, अक्षरांचा आकार व ओळींतील अंतर यांविषयीं विद्यापीठागणिक थोडाफार फरक असतो. त्यामुळें लेखनास हात घालण्यापूर्वींच आपल्या विद्यापीठाची सूचनापत्रिका मिळवून ती टेबलावर ठेवणें हेंच शहाणपणाचें.

पृष्ठांकांचीहि एक गोम आहे. शीर्षकपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका या आरंभींच्या पानांना रोमन आकडे देतात आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३ असे आकडे सुरू होतात. समजा, आरंभींचीं पानें १६ आहेत. मग अनुक्रमणिकेंत ४५ व्या पानावर सांगितलेली गोष्ट फाइलींत ६१ व्या पानावर निघते व वाचक गोंधळतो. फाइल तयार करितांना तिच्या पानांना छापील पृष्ठांकांचींच नांवें देण्याची सोय असते. ती वापरली म्हणजे हा गोंधळ टळतो.

यानंतर मथळे. प्रकरणाचा मथळा हातानें मोठा व ठळक करणें ही एक गोष्ट, आणि ‘हा मथळा आहे’ असें संगणकाला सांगणें ही दुसरी. पाहणाऱ्यास दोन्हींत भेद दिसत नाहीं. यंत्रास मात्र दिसतो. शब्दलेखनाच्या प्रत्येक आज्ञावलींत मथळा, उपमथळा, परिच्छेद यांसाठीं ‘स्टाइल’ नांवाचे तयार सांचे असतात. मथळ्याला त्याचा सांचा लावला, कीं अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मध्यें चार पानें वाढलीं तरी एका कळीसरशी तिचे आकडे सुधारतात. आणि पीडीएफ प्रतीच्या कडेला प्रकरणांची यादी उभी राहून हव्या त्या प्रकरणावर थेट जातां येतें. हातानें टंकिलेल्या अनुक्रमणिकेंत पृष्ठांक चुकल्यावांचून राहत नाहींत. शिवाय दृष्टिहीन अभ्यासक वाचनयंत्राच्या साहाय्यानें प्रबंध ऐकतात, त्यांना या मथळ्यांवरूनच प्रकरणामागून प्रकरण शोधतां येतें. नुसत्या ठळक अक्षरांचा त्यांना कांहींच उपयोग नाहीं.

तीच गोष्ट मोकळ्या जागेची. नवें प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठीं ओळ बदलण्याची कळ वीस वेळां दाबणें, किंवा कोष्टकाचे रकाने जुळविण्यासाठीं शब्दांमध्यें रिकाम्या जागा भरणें, ही टंकलेखनयंत्राच्या काळची संवय आहे. संगणकावर एखादा शब्द वाढला, कीं अशी सारी रचना ढांसळते. पान तोडण्याची व कोष्टक आंखण्याची स्वतंत्र सोय आहे; तीच वापरावी. रुंद कोष्टकासाठीं तेवढें एक पान आडवें करितां येतें. आलेखांत रेषांचा भेद केवळ रंगांनीं दाखवूं नये, तुटक व सलग रेषांनींहि दाखवावा; कारण छापील प्रत काळ्या शाईंत निघण्याचा संभव असतो. छायाचित्रें इंचास ३०० बिंदू या मानाचीं घेतलीं म्हणजे छापील प्रतींतहि स्पष्ट उमटतात.

मराठी प्रबंधाच्या बाबतींत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अक्षरांचा आहे, आणि सर्वांत अधिक हानि तेथेंच होते. संगणक अक्षर ओळखत नाहीं, क्रमांक ओळखतो. शाळेच्या हजेरीपटाचें उदाहरण घेतलें म्हणजे हें सहज समजेल. पटावर प्रत्येक मुलाला एक क्रमांक असतो. सर्व शिक्षकांजवळ एकच पट असेल, तर ‘सतरा’ म्हणतांच सर्वांच्या मनापुढें एकच मुलगा येतो. पण प्रत्येक शिक्षकानें आपापला निराळा पट केला, तर एकाचा सतरावा तो दुसऱ्याचा चाळिसावा, आणि निरोप भलत्याच मुलाला जावयाचा.

मराठी अक्षरांचें कांहीं वर्षें असेंच झालें होतें. संगणकावर मराठी लिहिण्याचा जो जुना प्रकार होता, त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. प्रत्येक कंपनीच्या टंकाची, म्हणजे फॉन्टची, वांटणी निराळी. कागदावर छापून काढलें, कीं अक्षर सुरेख दिसे. पण यंत्राच्या पोटांत मराठी मुळीं नसेच, रोमन अक्षरांची निरर्थक रांग असे. त्या काळीं दुसरा इलाज नव्हता, म्हणून त्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. पुढें युनिकोड हा सर्व लिप्यांचा एकच पट तयार झाला. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील देवनागरीची मांडणी भारतीय लिप्यांसाठीं येथेंच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेताच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे. देवनागरीला त्यांत २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ क्रमांक मिळाले, आणि ‘क’ चा क्रमांक २३२५ हा मुंबईंत, दिल्लींत व लंडनमध्यें एकच आहे.

आजहि एखादा विद्यार्थी, किंवा त्याचा टंकलेखक, संवयीनें जुन्या फॉन्टमध्यें प्रबंध उतरवितो. त्याचें फळ असें होतें. प्रबंध वारकरी संप्रदायावर आहे. पानोपानीं ‘पंढरपूर’ आहे. परंतु कोणी ‘पंढरपूर’ शोधूं लागला तर यंत्र त्या प्रबंधाकडे बोट दाखवीत नाहीं, कारण त्याच्या लेखीं तेथें तो शब्दच नाहीं. चार-पांच वर्षें खेडोपाडीं फिरून जमविलेली सामग्री, सर्वांना खुली असूनहि, झांकलेली राहते. त्याच विषयाला हात घालणारा दुसरा विद्यार्थी तेंच काम पुन्हां पहिल्यापासून करितो. मराठींतील संशोधन तोकडें आहे अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. तिच्यांतील कांहीं भाग तरी असा न सांपडणाऱ्या प्रबंधांच्या माथीं जातो.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडांत बदलून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत, आणि हातचें लेखन टाकून न देतां त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावा लागतो. रफार, जोडाक्षरें व ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा चुकण्याचा संभव असतो. मराठींत ‘आचार्यांना बोलाविलें’ आणि ‘आचाऱ्यांना बोलाविलें’ यांत विद्वान व स्वयंपाकी यांच्याइतकें अंतर आहे. दुसऱ्या शब्दांतील ‘ऱ’ ला युनिकोडांत २३५३ हा निराळा क्रमांक आहे, तो याच कामीं येतो. टंकलेखकास हा भेद ठाऊक नसला, तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि तो प्रबंधकाराच्या नांवावर कायमचा राहतो.

लेखन पुरें झालें म्हणजे त्याची पीडीएफ प्रत करावयाची. पीडीएफ हा प्रकार ॲडोबी कंपनीनें १९९३ सालीं काढला. पान लिहिणाऱ्याच्या संगणकावर जसें दिसतें तसेंच तें इतरत्र दिसावें, हा त्याचा मूळ उद्देश. पण एवढ्यावर भागत नाहीं. प्रबंध पन्नास वर्षांनींहि उघडला पाहिजे. म्हणून २००५ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें ‘पीडीएफ-ए’ नांवाचा टिकाऊ प्रकार ठरवून दिला. त्याचें तत्त्व असें, कीं पान दाखविण्यास जें जें लागतें तें तें फाइलीच्या पोटांतच असलें पाहिजे. वापरलेला फॉन्ट आंत बसविलेला हवा, आणि फाइलीला कुलूप किंवा संकेतशब्द नसावा. परगांवीं निघालेल्या माणसानें शिधा बरोबर घ्यावा, वाटेंत मिळेल या भरंवशावर राहूं नये, तसेंच हें आहे.

येथें एक चूक फार आढळते. छापील प्रत यंत्राखालीं धरून तिचीं छायाचित्रें काढावयाचीं आणि तीच पीडीएफ म्हणून द्यावयाची! असें पान डोळ्यांना दिसतें, पण तें अक्षरांचें चित्र असतें, अक्षरें नसतात. त्यांत शोध घेतां येत नाहीं, आणि फाइल विनाकारण जड होते. सहीशिक्क्यांचीं प्रमाणपत्रें एवढींच छायाचित्रानें घ्यावींत. बाकीचा प्रबंध मूळ लेखनावरूनच पीडीएफ करावा. जुन्या टंकलिखित प्रबंधांना छायाचित्राशिवाय गति नाहीं, तेथें अक्षरें ओळखणाऱ्या आज्ञावलीची जोड देऊन नंतर मुद्रितें तपासावींत.

युनिकोडांत लिहिलेला मजकूरहि पीडीएफ होतांना कधींकधीं बिघडतो. दिसतो बरोबर, पण आंतील क्रम मोडलेला असतो. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. तयार पीडीएफमधील एक परिच्छेद उचलून कोऱ्या पानावर आणावा. तो जसाच्या तसा उतरला, तर प्रत चांगली. वेलांट्या विखुरल्या किंवा भलतीं चिन्हें आलीं, तर पीडीएफ करण्याची रीत बदलून पाहावी. दोन मिनिटांची ही परीक्षा प्रत्येक प्रकरणाची घ्यावी.

शोधगंगेवर प्रबंध एका सबंध फाइलीच्या रूपानें नव्हे, तर प्रकरणवार चढविला जातो. शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूचि व परिशिष्टें यांच्या वेगवेगळ्या फाइली असतात, आणि त्यांच्या नांवांचा आरंभ ०१, ०२ अशा दोन आंकडी संख्यांनीं होतो. हें शून्य शोभेचें नाहीं. यंत्र नांवें कोशाप्रमाणें लावतें. त्याच्या हिशेबीं १० ही संख्या २ च्या आधीं येते, कारण तें पहिलें चिन्ह आधीं पाहतें. शून्य लावलें, कीं क्रम बरोबर लागतो आणि दहावें प्रकरण दुसऱ्याच्या पुढें जाऊन बसत नाहीं.

फाइलींबरोबर एक माहितीपत्रक भरावें लागतें: प्रबंधाचें नांव, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, भाषा व बीजशब्द. या नोंदीसाठीं ‘डब्लिन कोअर’ नांवाची मान्य पद्धति आहे. अमेरिकेंतील डब्लिन नांवाच्या गांवीं १९९५ सालीं झालेल्या बैठकींतून ती निघाली. ग्रंथालयांतील तालिकापत्राचेंच हें नवें रूप होय. हें पत्रक घाईनें भरणें म्हणजे पत्र उत्तम लिहून पाकिटावर पत्ता चुकविणें होय. संशोधकाचें नांव सर्वत्र एकाच रीतीनें लिहावें. एकदां आद्याक्षरें व एकदां पूर्ण नांव असें केल्यास यंत्र दोन माणसें मानतें. बीजशब्द निवडतांना ‘साहित्य’, ‘समाज’ असे सर्वव्यापी शब्द टाळून व्यक्ति, स्थळ, काळ व विषय यांचे नेमके शब्द द्यावेत.

सादर करण्यापूर्वीं प्रबंधाची साम्यतपासणी होते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणें इतर लेखनाशीं दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाहीं. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आंत सुधारलेला प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ असल्यास एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंध सादर करितां येत नाहीं. आणि साठांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेलीं अवतरणें, संदर्भसूचि व अनुक्रमणिका हीं या मोजणींतून वगळलीं जातात. परंतु अवतरण कोठें सुरू होतें व कोठें संपतें, हें चिन्हांनीं स्पष्ट केलेलें नसेल, तर प्रामाणिक माणसाचें अवतरणहि चोरींत मोजलें जाण्याचा धोका असतो. मांडणीची शिस्त अशी प्रतिष्ठेपर्यंत जाऊन भिडते.

आणखी एक जबाबदारी ध्यानांत घेतली पाहिजे. कपाटांतील प्रबंध वर्षाकांठीं दोघे-चौघे उघडीत. आतां तो सगळ्या जगासमोर उघडा असतो. म्हणून ज्यांनीं विश्वासानें आपल्या घरच्या गोष्टी, आजार, कर्ज किंवा भांडणें सांगितलीं, त्यांचीं नांवें, पत्ते व ओळखूं येतील अशीं छायाचित्रें त्यांच्या संमतीवांचून परिशिष्टांत घालूं नयेत. दुसऱ्याचीं छायाचित्रें, नकाशे किंवा अप्रकाशित पत्रें घेतांना हक्कदाराची परवानगी लेखी घ्यावी. एकदां पसरलेली प्रत परत गोळा करितां येत नाहीं.

या सर्व कामास फार विद्वत्ता लागते असें नाहीं. वेळ मात्र लागतो. बहुतेक घोटाळे होतात ते शेवटच्या आठवड्यांत, टंकलेखकाच्या दुकानीं, रात्रीं उशिरां. पहिलें प्रकरण लिहितांनाच युनिकोड फॉन्ट, मथळ्यांचे सांचे व समास ठरवून घेतले, आणि मूळ लेखनाची फाइल दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेविली, तर शेवटीं करण्यासारखें थोडेंच उरतें. ज्या घरांत कोणी मुलगा, मुलगी किंवा सून प्रबंध लिहीत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विषय कळला नाहीं तरी त्यांनीं एवढें अवश्य विचारावें, कीं लिहिलेल्यांतला एखादा शब्द संगणकावर शोधला तर सांपडतो काय? उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर तें शेवटच्या आठवड्यांत येण्यापेक्षां आजच आलेलें बरें.